देऊळ, मंडळ, मराठी शाळा: अमेरिकेत सरकारी सिक्युरिटी ग्रँट कशी मागायची

अमेरिकेत देऊळ, मंडळ नाहीतर मराठी शाळा चालवणाऱ्या कमिटीवाल्यांसाठी हे लिहितोय, कारण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, "अरे ते कॅमेऱ्यांसाठी सरकार पैसे देतं म्हणे, कसं मिळवायचं?" आणि उत्तरं अर्धवट येतात, कोणी म्हणतं फेमाच्या साइटवर बघा, कोणी म्हणतं माझ्या ओळखीचा एक कन्सल्टंट आहे, आणि मग विषय गणपतीच्या डेकोरेशनवर जातो. म्हणून एकदाच सगळं नीट टाइप करून ठेवतोय, लांब आहे, चहा घेऊन बसा.

ग्रँटचं नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम, सगळे एनएसजीपी म्हणतात. पैसा होमलँड सिक्युरिटी खात्याचा, चालवते फेमा, तीच ती पूर-वादळवाली. २०२१ मध्ये यासाठी १८ कोटी डॉलर होते, २०२२ मध्ये २५ कोटी, २०२३ मध्ये ३० कोटी ५० लाख, २०२४ मध्ये २७ कोटी ४५ लाख आणि त्यावर वेगळ्या कायद्याने आणखी रक्कम आली. एका जागेला २०२३ मध्ये दीड लाख डॉलरपर्यंत मिळत होते, २०२५ च्या नियमांत ही मर्यादा दोन लाख झाली, आणि एका संस्थेच्या जास्तीत जास्त तीन जागा. तुमच्या खिशातून हिस्सा टाकायची अट नाही, म्हणजे मॅचिंग वगैरे काही नाही. मागणारे मात्र भरपूर असतात, २०२४ मध्ये निम्म्यापेक्षा कमी अर्ज मंजूर झाले, त्यामुळे "भरून तर बघू" असं करून चालत नाही.

बऱ्याच वर्षांपर्यंत ही ग्रँट मुख्यतः सिनेगॉगवाले मागायचे, त्यांची यंत्रणा तयार होती, आपल्याकडच्या लोकांना पत्ताच नव्हता. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात गोळीबार झाला, २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली गेली, आणि आता गेल्या काही वर्षांत आपल्या देवळांच्या भिंतींवर स्प्रे पेंटने काय काय लिहून जातात ते तुम्ही पाहिलंच असेल, डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातलं नेवार्क, सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळचं मेलव्हिल आणि मग सॅक्रामेंटो, मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्स. ही यादी घाबरवायला देत नाहीये, अर्जात ती लागते, पुढे सांगतो कुठे आणि किती.

आधी बघा, तुम्ही बसता का यात

संस्था ५०१ सी ३ हवी, म्हणजे आयआरएसने (अमेरिकेच्या टॅक्स खात्याने) करमुक्त मानलेली धर्मादाय संस्था. देवळांसारख्या प्रार्थनास्थळांना आयआरएसचं पत्र नसलं तरी फेडरल नियमाने चालतं, पण राज्याचा अधिकारी पुरावा मागू शकतो, तेव्हा पत्र असेल तर काढून ठेवा, ते नेहमी जुन्या खजिनदाराच्या बेसमेंटमधल्या खोक्यात असतं. सांस्कृतिक मंडळांकडे ते पत्र असतंच, नाहीतर देणग्यांवर टॅक्सची सूट कशी दिली असती.

आता मंडळांची अडचण. आपली बरीचशी मंडळं बिनइमारतीची आहेत, दिवाळीला शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने, संक्रांतीला चर्चचा हॉल, कमिटी मीटिंग कोणाच्या तरी घरी. ही ग्रँट जागेला मिळते, पोस्ट बॉक्सला नाही, खराखुरा पत्ता लागतो आणि अर्ज करताना तुम्ही त्या जागेत वावरत असायला हवं. जमीन घेतलीये, पुढच्या वर्षी मंदिर बांधणार, तर आत्ता नाही. वर्षातून चार कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये करता, तर त्या हॉलसाठी नाही. पण जागा लीजवर असेल आणि तिथे तुमचं ऑफिस, शाळा, वाचनालय रोज नाहीतर दर आठवड्याला चालत असेल तर मागता येतं, घरमालकाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, भिंतीला भोक पाडायचंय शेवटी त्याच्याच. आणि एकाच इमारतीत देऊळ एका संस्थेचं, मराठी शाळा दुसऱ्या संस्थेची असं असेल तर आधी एकत्र बसून ठरवा कोण मागणार, एकाच दारासाठी दोघांनी पैसे मागितले की दोघांचंही फिसकटतं.

अर्जांना गुण देतात, त्या गुणांचं एक गणित माहीत असू दे. २०२४ पर्यंतच्या पद्धतीत धार्मिक किंवा विचारसरणीवर आधारलेल्या संस्थेच्या गुणांना ३ ने गुणतात, शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थेच्या २ ने, बाकीच्यांच्या १ ने. म्हणजे देवळाला मंडळापेक्षा सरळसरळ झुकतं माप. म्हणून मग काही हुशार लोक विचारतात, आम्ही गणपती बसवतो, आम्हाला धार्मिक म्हणता येईल का? तुमच्या संस्थेच्या घटनेत आणि आयआरएसच्या कागदात जे लिहिलंय तेच लिहा, सरकारी अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि दीड-दोन लाखांसाठी कोणी करू नये. ज्या देवळात तुमची शाळा भरते त्या देवळाला अर्ज करायला लावा, तुमचे स्वयंसेवक त्यांना लिहून द्या, ते जास्त व्यवहाराचं. याआधी कधीच ही ग्रँट न मिळालेल्या संस्थेला वर १५ गुण जास्त मिळतात, आपल्यापैकी बहुतेकांना हा फायदा आहे.

अर्ज फेमाकडे जात नाही

इथेच अर्धे लोक अडकतात. तुम्ही थेट फेमाकडे अर्ज करत नाही. प्रत्येक राज्यात एक ठरलेलं खातं असतं, त्याला स्टेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह एजन्सी म्हणतात, तुम्ही त्यांच्याकडे कागद द्यायचे, ते गुण देतात, मग ते सगळ्यांचा गठ्ठा फेमाला पाठवतात. कॅलिफोर्नियात हे काम कॅल ओईएस करतं, न्यू जर्सीत राज्याचं होमलँड सिक्युरिटी ऑफिस, टेक्सासमध्ये गव्हर्नरचं ऑफिस, मिशिगनमध्ये तर राज्य पोलीस. तुमच्या राज्यात कोण ते शोधा आणि आजच त्यांच्या ईमेल यादीत नाव घाला. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे लोकांची वर्षं जातात.

कारण तारखा. फेमाची सूचना, जिला सगळे नोफो म्हणतात, ती दरवर्षी वेगळ्या वेळी येते. २०२४ मध्ये ती एप्रिलच्या मध्यावर आली आणि राज्यांना जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मुदत होती. २०२५ मध्ये आली थेट जुलैच्या अखेरीस. आणि बातमीत वाचाल ती तारीख राज्यांसाठी असते, तुमची मुदत राज्य ठरवतं आणि ती कितीतरी आधी संपते. सूचना आल्यावर तयारीला लागलात तर हातात दोन-तीन आठवडे उरतात, त्यात कमिटीचं क्वोरम जमायलाच एक आठवडा जातो. सगळी तयारी हिवाळ्यात करून ठेवायची, सूचना आली की फक्त नवीन फॉर्ममध्ये उतरवायचं. फॉर्म मात्र त्याच वर्षीचा वापरा, गेल्या वर्षीची पीडीएफ भरून पाठवणारे दरवर्षी निघतात.

अर्ज शहरी भागाच्या हिश्शातून की राज्याच्या, असे दोन गट आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, बे एरिया, डॅलस असे मोठे भाग पहिल्यात येतात, बाकीचे दुसऱ्यात. तुमचा पत्ता कुठे पडतो ते राज्याला विचारा, स्वतः अंदाज लावत बसू नका.

यूईआय नंबर

सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवरून १२ अक्षर-अंकांचा यूईआय नंबर, म्हणजे संस्थेचा सरकारी ओळख क्रमांक, काढावा लागतो, एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स नंबरच्या जागी हा आलाय. फुकट आहे. तिथे पूर्ण रजिस्ट्रेशन करायची गरज नाही, नुसता नंबर पुरतो, पण नाव आणि पत्ता कागदपत्रांशी जुळला नाही की साइट अडवते, आणि आपल्याकडे आयआरएसमध्ये एक नाव, राज्याच्या रजिस्टरमध्ये दुसरं, बँकेत तिसरंच, म्हणजे गावाकडे रेशन कार्ड आणि सातबाऱ्यावरची नावं जुळवताना जी दमछाक होते तीच. महिना-दीड महिना धरून चाला. मध्येच "तुमचं रजिस्ट्रेशन संपतंय, ५९९ डॉलर भरा" असली ईमेलं येतील, सरकारी दिसणारी, ती कचऱ्यात टाका.

असेसमेंट, म्हणजे जागेची झडती

अर्जासोबत त्या जागेचं व्हल्नरेबिलिटी असेसमेंट जोडावं लागतं. म्हणजे कोणीतरी जाणकाराने इमारतीभोवती फिरून कुठून काय धोका आहे ते लिहायचं. सिसा नावाच्या फेडरल संस्थेचे प्रोटेक्टिव्ह सिक्युरिटी अ‍ॅडव्हायजर असतात, ते येऊन फुकट करून देतात, पण रांग मोठी असते. गावच्या पोलीस खात्यातही बऱ्याच ठिकाणी हे करणारा माणूस असतो, त्याला फोन करा, त्याने नंतर ओळखही होते आणि उत्सवाच्या दिवशी गस्तीची गाडी मागायला सोपं जातं. दोन्ही जमलं नाही तर सिसाने प्रार्थनास्थळांसाठी स्वतः भरायचा फॉर्म तयार केलाय, तो वापरा. तो फॉर्म चालतो का हे राज्याला एकदा विचारून घ्या.

कोणी पैसे देऊन प्रायव्हेट कंपनीकडून करून घेणार असाल तर खुशाल घ्या, पण अर्जाआधी केलेला खर्च ग्रँटमधून परत मिळत नाही. आणि दुसरं म्हणजे, ज्या कंपनीने काय काय घ्यायचं याची यादी आणि स्पेसिफिकेशन लिहून दिलं, तिलाच नंतर ते काम देता येत नाही, फेडरल खरेदीच्या नियमात ते स्पष्ट आहे. आपल्याकडे हे हमखास होतं, कमिटीतल्या कोणाच्या तरी मेव्हण्याचा कॅमेऱ्यांचा बिझनेस असतो, तो उत्साहाने येतो, फुकटात सगळं मोजून यादी करून देतो आणि मग टेंडरमधून बाद होतो. मेव्हण्याला यादी करू द्यायची की कोट देऊ द्यायचं, हे आधीच ठरवा. आणि कमिटीत ज्याचा संबंध आहे त्याने त्या मतदानात बसायचं नाही, मिनिट्समध्ये तसं लिहा.

झडतीच्या वेळी फक्त अध्यक्षांना पुढे करू नका. पुजारी काका, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू, रविवारी पार्किंग लावणारी पोरं यांना बोलवा, कुठलं कुलूप कधीपासून बिघडलंय हे त्यांनाच माहीत असतं.

आयजे, इथेच सगळा खेळ

अर्जाचा मुख्य फॉर्म म्हणजे इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन, लोक आयजे म्हणतात. प्रत्येक जागेला वेगळा. भरायला पीडीएफ असते, त्यात संस्थेची माहिती, मग धोका, मग कमकुवत जागा, मग हल्ला झालाच तर काय नुकसान, मग काय विकत घेणार, किती महिन्यांत करणार, कोण बघणार, असे भाग. बॉक्समध्ये अक्षरांची मर्यादा असते, तेव्हा "अमेरिकेतील भारतीय संस्कृतीचे जतन" वर परिच्छेद खर्ची घालू नका.

ग्रँट कोणाला मिळते यावर माझं एकच मत आहे: ज्याच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूमागे असेसमेंटमधलं एक वाक्य आहे, त्याला. धोका, मग त्या धोक्यासमोर उघडी पडलेली एक ठरावीक जागा, मग ती बंद करणारी वस्तू. ही साखळी कुठेही तुटली की वाचणारा गुण कापतो, आणि वाचणाऱ्याकडे असे शेकडो अर्ज असतात.

धोक्यापासून सुरू करू. ही ग्रँट दहशतवादी किंवा अतिरेकी हल्ल्याच्या धोक्यासाठी आहे. दानपेटी फोडली, पितळी घंटा चोरली, एसीचं तांब्याचं पाइप नेलं, हे सगळं होतं आणि वाईट होतं, पण नुसती चोरी इथे पुरत नाही. तुमच्या संस्थेला आलेला धमकीचा फोन, ईमेल, भिंतीवर लिहिलेलं, सोशल मीडियावर आलेलं, गेटसमोर गाडी लावून कोणी व्हिडिओ काढत बसला, हे हवं, आणि त्याची पोलीस तक्रार हवी. आपले लोक तक्रार करत नाहीत ही मोठी अडचण, "कशाला उगाच" म्हणून दोन पोरं सकाळी रंगाचा डबा घेऊन भिंत पुसून टाकतात आणि पुरावाही जातो. आधी फोटो, मग पोलीस, मग रिपोर्टचा नंबर फायलीत, मग रंग. स्वतःवर काहीच आलं नसेल तर तुमच्यासारख्या संस्थांवर, जवळच्या भागात काय झालं ते लिहा, वर दिलेली यादी इथे कामाला येते, पण दोन-तीन ओळीत, तारखेसकट. पेपरातली सगळी कात्रणं जोडून निबंध केलात तर तो सगळ्यांच्याच अर्जात तसाच असतो.

आता कमकुवत जागा. इथे लोक असं लिहितात:

"आमच्या मंदिरात मोठ्या संख्येने भाविक येतात. सध्याच्या परिस्थितीत सुरक्षेची अत्यंत गरज आहे. त्यासाठी अत्याधुनिक कॅमेरे व गेट बसवायचे आहे."

यात खोटं काही नाही, पण कुठल्याही देवळाचं नाव घातलं तरी चालेल. आता हे बघा, काल्पनिक नमुना आहे, अर्जात अर्थात इंग्रजीत लिहायचं:

"उत्तरेकडचं स्वयंपाकघराचं दार पार्किंगला लागून आहे, आतून पोकळ, लॅच बिघडलेलं. रविवारी ११ ते २ महाप्रसादाची ने-आण चालते म्हणून ते तांदळाची गोणी लावून उघडं ठेवलं जातं. आत आल्यावर कॉरिडॉरमध्ये डावीकडे मराठी शाळेचे तीन वर्ग, त्या वेळात ६ ते १२ वयाची साधारण ४५ मुलं. या दारावर कॅमेरा नाही, मुख्य हॉलमधून ते दिसत नाही आणि वर्गांची दारं आतून बंद होत नाहीत. असेसमेंट पान ४, मुद्दे २ आणि ३."

हे वाचून वाचणाऱ्याला दार दिसतं. मग पुढच्या भागात मागणी आपोआप येते: मजबूत दार आणि चौकट, कार्ड रीडर, दार ठरावीक वेळापेक्षा जास्त उघडं राहिलं तर वाजणारा अलार्म, त्या कोपऱ्यात एक कॅमेरा, वर्गांना आतून लागणारी कुलपं. १६ कॅमेऱ्यांचं पॅकेज मागायची गरजच पडत नाही, आणि मागितले तरी प्रत्येक कॅमेरा कुठल्या कोपऱ्यासाठी ते सांगावं लागतं. तांदळाची गोणी लिहायला लाजू नका, उलट तेच खरं वाटतं. फक्त सोबत हेही लिहा की तोपर्यंत तिथे एक स्वयंसेवक बसवलाय, म्हणजे सरकारला कळतं की तुम्ही नुसते पैशाची वाट बघत नाही.

नुकसानीच्या भागात माणसं मोजा. रोज किती, रविवारी किती, गणेशोत्सवाच्या शनिवारी किती, बाहेर मांडव घालता का, विसर्जनाची मिरवणूक पार्किंगमधून जाते का, शेजारी डे-केअर आहे का. गणपतीतली गर्दी ही आपल्या अर्जाची सगळ्यात ताकदीची गोष्ट आहे, कारण तारीख आधीच फ्लायरवर छापलेली असते, वेळ सगळ्यांना माहीत असते आणि दारं सताड उघडी असतात. आकडे मात्र फुगवू नका, फायर मार्शलने हॉलला ३०० ची परवानगी दिलीये आणि तुम्ही अर्जात "दर रविवारी १२००" लिहिलंत तर नवीनच भानगड.

काय मागता येतं, काय नाही

फेमाची ऑथोराइज्ड इक्विपमेंट लिस्ट आहे, त्यातला कोड प्रत्येक वस्तूसमोर लिहायचा असतो. कॅमेरे, दारं-गेट, कुंपण, गाडी अडवणारे बोलार्ड, बाहेरचे दिवे, अलार्म, काचेवरची फिल्म, अनाउन्समेंटची यंत्रणा, वॉकीटॉकी, शिवाय सायबर सिक्युरिटी पण. स्टाफ आणि स्वयंसेवकांचं ट्रेनिंग, आपत्तीची योजना तयार करणं, ड्रिल, हेही मागता येतं आणि मागावंच, कारण आपल्याकडे कॅमेरा बसतो पण स्क्रीन कोणी बघत नाही. कंत्राटी सिक्युरिटी गार्डही चालतात, पण ग्रँट संपल्यावर त्यांचा खर्च कुठून करणार हे सांगावं लागतं. हिशेब-कागदपत्रांच्या कामासाठी रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत ठेवता येतात.

बंदूक, गोळ्या, शस्त्राचं ट्रेनिंग नाही. नंबरप्लेट वाचणारे किंवा चेहरा ओळखणारे कॅमेरे नाहीत. बगीचा, लँडस्केपिंग नाही. आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांचे पैसे परत नाहीत.

कॅमेरे घेताना एक मोठा खड्डा आहे. २०१९ च्या संरक्षण कायद्यातल्या कलम ८८९ प्रमाणे हुआवे, झेडटीई, हिकव्हिजन, दाहुआ आणि हायटेरा या कंपन्यांच्या वस्तूंवर फेडरल ग्रँटचा पैसा खर्च करता येत नाही. आणि हिकव्हिजन-दाहुआचा माल दुसऱ्याच लेबलखालीही विकला जातो, बॉक्सवर अमेरिकन वाटणारं नाव असतं. व्हेंडरकडून "या कलमात बसतं" असं लेखी घ्या, मॉडेल नंबरासकट, तोंडी "हो हो काका, काळजी नको" चालणार नाही.

मंजूर झालं, आता पैसे?

पेढे वाटा पण चेकची वाट बघू नका, कारण ही ग्रँट रिइम्बर्समेंटवर चालते. आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं आणि पेमेंटचा पुरावा राज्याला द्यायचा, मग पैसे. दीड लाखाचं काम म्हणजे दीड लाख आधी तुमच्याकडे हवेत, निदान टप्प्याटप्प्याने. मार्च २०२५ मध्ये फेमाने तपासणीसाठी पेमेंट थांबवून ठेवली तेव्हा खर्च करून बसलेल्या संस्थांना वाटच बघावी लागली. अर्ज करायच्या आधीच खजिनदाराला विचारा, बँकेची लाइन ऑफ क्रेडिट मिळेल का, कोणी देणगीदार सहा महिन्यांसाठी बिनव्याजी देईल का. खात्यात जेमतेम पुजाऱ्यांचे तीन महिन्यांचे पगार असतील तर छोटी रक्कम मागा, ४० हजार मागून सगळे खर्च करणं हे दोन लाख मिळवून परत पाठवण्यापेक्षा बरं.

मंजुरीचं पत्र आलं म्हणून लगेच ड्रिल मशीन काढायचं नाही. आधी राज्याशी करार, मग ईएचपी नावाचा पर्यावरण आणि जुन्या वास्तूंचा आढावा. भिंतीला भोक, जमिनीत खड्डा, बाहेर खांब, काहीही करायचं तर जागेचे फोटो आणि इमारतीचं वय देऊन फेमाची परवानगी घ्यावी लागते. आपली कितीतरी देवळं जुनी चर्चं विकत घेऊन केलेली आहेत, तिथे हा आढावा जरा लांबतो. परवानगीच्या आधी काम सुरू केलंत तर ते पैसे गेले, त्यावर अपील वगैरे फार काही चालत नाही. घाई करायची गरजही नाही, साधारण ३६ महिन्यांचा काळ असतो, अर्थात राज्य त्यातला थोडा स्वतःच्या कागदांसाठी कापून घेतं.

कोटेशनं घ्या, राज्य सांगेल किती, तीन घेऊन ठेवलीत तर वाद नाही. कराराच्या अटी नीट वाचा, २०२५ च्या अटींमध्ये इमिग्रेशनविषयीच्या कलमांवरून बराच वाद झाला होता, तेव्हा सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा, प्रत्येक मंडळात एक तरी असतोच. आणि काम एका माणसावर सोडू नका. दर दोन वर्षांनी कमिटी बदलते, ग्रँट तीन वर्षं चालते, नवीन अध्यक्षांना पासवर्ड माहीत नसतो. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, त्यावरच सगळा पत्रव्यवहार, आणि बिलं-फोटो-परवानग्या एका शेअर्ड ड्राइव्हमध्ये, ग्रँट बंद झाल्यावरही तीन वर्षं जपायची असतात.

फेडरलशिवाय राज्यांच्या स्वतःच्या ग्रँटही आहेत. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया इथे आहेत, पेनसिल्व्हेनियाची तर ट्री ऑफ लाइफच्या हल्ल्यानंतरच सुरू झाली. त्यांच्या तारखा आणि अटी वेगळ्या, पण असेसमेंट तेच वापरता येतं. फक्त एकाच दारासाठी दोन्हीकडून पैसे घ्यायचे नाहीत.

नाही मिळाली तर राज्याच्या अधिकाऱ्याला ईमेल करून विचारा कुठे गुण गेले, बरेच जण सांगतात, कधी अगदी भागवार. तेवढाच भाग दुरुस्त करा, वर्षभरात नवीन काही घडलं असेल तर पोलीस रिपोर्ट जोडा, गोणीच्या जागी काही केलं असेल तर तेही लिहा आणि पुन्हा भरा, नव्या संस्थेचे ते १५ गुण ग्रँट मिळेपर्यंत तुमचेच राहतात.